हेल काउंटीतली जुनी इमारत घ्यावी का? अलाबामाहून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. टस्कलूसात नोकरीला असलेल्या एका मराठी कुटुंबाला तिथून दक्षिणेला पाऊण तासावर, हेल काउंटीतल्या ग्रीन्सबरो गावच्या मेन स्ट्रीटवर एक जुनी विटांची दुमजली इमारत घ्यायची आहे. खाली दुकान आणि वर भाड्यानं द्यायला दोन घरं, असा बेत. इमारत 'नॅशनल रजिस्टर'मधल्या ऐतिहासिक भागात येते असं दलालानं सांगितलं आणि दोघं नवराबायको बिचकले. त्यांनी विचारलंय: अशा इमारतीला हात लावता येतो का? सरकार दुरुस्तीला पैसे देतं का? आणि जाता जाता, एवढ्याशा काउंटीत इतकी नोंदलेली घरं कशी, आणि त्यातली बहुतेक गुलाम बाळगणाऱ्यांचीच का?

मी या पट्ट्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम बरीच वर्षं करतो आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नियमांत सापडतात, ती आधी देतो. तिसऱ्याला जास्त जागा लागेल, कारण तो प्रश्न नीट समजला की पहिल्या दोन उत्तरांचाही अर्थ बदलतो.

आधी भीती घालवू. नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस ही केंद्र सरकारची यादी. १९६६च्या राष्ट्रीय वारसा जतन कायद्यातून ती आली आणि नॅशनल पार्क सर्व्हिस ती सांभाळते. राज्याच्या पातळीवर माँटगोमेरीतलं अलाबामा हिस्टॉरिकल कमिशन अर्ज तपासून पुढे पाठवतं. या यादीत नाव आहे म्हणून खासगी मालकावर, तो स्वतःच्या पैशानं काम करत असेल तर, कुठलंही बंधन येत नाही. खिडक्या बदला, भिंत पाडा, उद्या अख्खी इमारत जमीनदोस्त करा. केंद्र सरकार तुम्हाला अडवणार नाही. फार तर नंतर ते नाव यादीतून काढून टाकतील. भारतात संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी असते हे ऐकून आलेल्या माणसाला हे पटत नाही. पण अमेरिकेत जमिनीच्या मालकीला इतकं वजन आहे की एकट्या इमारतीच्या मालकानं लेखी हरकत घेतली तर ती यादीत घालतसुद्धा नाहीत, आणि अख्ख्या भागाच्या बाबतीत निम्म्याहून जास्त खासगी मालकांनी हरकत घेतली तर तो भाग नोंदला जात नाही.

बंधन येतं ते दोन वाटांनी. एक, केंद्राचा पैसा, परवाना किंवा मंजुरी असलेलं काम. महामार्ग रुंद करायचा आहे, मोबाइलचा मनोरा उभा करायचा आहे, ग्रामीण विकासाचं केंद्रीय कर्ज घेऊन काही बांधायचं आहे. अशा वेळी कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे त्या खात्याला जवळच्या ऐतिहासिक वास्तूंवर काय परिणाम होईल ते तपासावं लागतं आणि राज्याच्या वारसा कार्यालयाशी बोलावं लागतं. तपासावं लागतं इतकंच. काम थांबवलंच पाहिजे असं कलम म्हणत नाही. दुसरी वाट गावाची. गावानं स्वतःचा वटहुकूम करून जतन समिती नेमली असेल तर बाहेरून दिसणाऱ्या बदलांना तिची परवानगी घ्यावी लागते, आणि ती खरी कायदेशीर अडवणूक असते. ही समिती आणि नॅशनल रजिस्टर यांच्या सीमारेषा कधी जुळतात, कधी नाही. म्हणून दलालाला विचारत बसू नका. नगरपालिकेत जा आणि सरळ विचारा: या पत्त्याला स्थानिक डिझाइन मंजुरी लागते का? उत्तर लेखी मागा.

अलाबामाची स्वतःचीही एक यादी आहे, 'अलाबामा रजिस्टर ऑफ लँडमार्क्स अँड हेरिटेज'. ती सन्मानापुरती. विक्रीच्या जाहिरातीत लोक दोन्ही नावं एकमेकांच्या जागी वापरतात, आणि करसवलतीची वेळ आली की घोटाळा होतो.

आता पैसा. सरकार खासगी मालकाला दुरुस्तीसाठी रोख रक्कम जवळपास कधीच देत नाही. अनुदानं असतात ती बहुतेक संस्थांना, चर्चना, गावांना. तुमच्यासाठी आहे ती केंद्राची २० टक्के करवजावट (टॅक्स क्रेडिट, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाचा तेवढा हिस्सा थेट भरायच्या करातून वजा होतो), आणि तुमचा बेत ऐकता ती तुम्हाला लागू पडण्यासारखी आहे, कारण इमारत उत्पन्न देणारी हवी ही पहिली अट आहे. स्वतः राहण्याचं घर असतं तर केंद्राकडून काही मिळालं नसतं. दुकान आणि भाड्याची घरं चालतात.

दुसऱ्या अटीवर बरेच लोक अडखळतात. दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या तुमच्या हिशोबातल्या किमतीपेक्षा जास्त हवा (आणि किमान ५,००० डॉलर), आणि तो २४ महिन्यांच्या आत झालेला हवा. टप्प्याटप्प्यानं करायचं आधीच ठरवून कळवलं तर ६० महिने मिळतात. समजा इमारत तुम्ही ६०,००० डॉलरना घेतली आणि त्यातले १०,००० जमिनीचे धरले, तर दुरुस्तीवर ५०,००० पेक्षा जास्त जायला हवेत. ९०,००० खर्च झाले तर वजावट १८,००० डॉलर. २०१७च्या कर कायद्यानंतर ती एका वर्षात मिळत नाही, पाच वर्षांत सारख्या हप्त्यांनी मिळते. म्हणजे दरवर्षी ३,६००. खरेदीची किंमत, मागे वाढवलेली नवी खोली, अंगण, पार्किंग यांतलं काही या खर्चात धरत नाहीत. पाच वर्षांच्या आत विकली तर वजावटीचा काही हिस्सा परत द्यावा लागतो. आणि दोघांच्या पगाराचं एकत्र उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर असेल तर भाड्याच्या मिळकतीवरची ही वजावट आखडत जाते, म्हणून आर्किटेक्टच्या आधी कर सल्लागाराकडे जा. अलाबामा राज्याचीही स्वतंत्र वजावट आहे, पण तिच्या मुदती आणि मर्यादा विधिमंडळ अधूनमधून बदलतं. अर्ज करायच्या वर्षी काय चालू आहे ते कमिशनकडूनच घ्या.

आणखी एक गोष्ट आहे जी दलाल सांगत नाहीत, बहुधा त्यांनाही ठाऊक नसते. अलाबामात मालमत्ता कर लावताना दुकानासारख्या मिळकतीचं मूल्य बाजारभावाच्या २० टक्के धरतात आणि मालक राहत असलेल्या घराचं १० टक्के. त्याच १० टक्क्यांच्या वर्गात कायद्यानं ऐतिहासिक इमारतीही घातल्या आहेत, मग त्यांचा वापर कशासाठीही होवो. ऐतिहासिक भागातली इमारत त्या भागाच्या महत्त्वात भर घालते असं प्रमाणित झालेलं असलं की काउंटीच्या कर कार्यालयात ते दाखवून वर्ग बदलून घेता येतो. ही सवलत दरवर्षीची आहे.

'भर घालते' हा शब्दप्रयोग नीट धरून ठेवा. ऐतिहासिक भाग म्हणून जो पट्टा नोंदला जातो त्यातल्या प्रत्येक इमारतीवर शिक्का असतो: भर घालणारी किंवा न घालणारी. ग्रीन्सबरोचा भाग १९७६ मध्ये नोंदला गेला. तेव्हापासून किती दर्शनी भाग बदलले, किती छपरं गेली. त्या वेळी भर घालणारी असलेली इमारत आज तशी राहिलेली नसू शकते. करवजावटीच्या अर्जाचा पहिला भाग नेमका हेच ठरवण्यासाठी असतो. दुसऱ्या भागात तुम्ही काय करणार ते लिहायचं, फोटो आणि नकाशांसकट. तिसरा भाग काम संपल्यावर. दुसरा भाग मंजूर होण्याआधी हातोडा उचलू नका. मी पाहिलेल्या नामंजुऱ्यांपैकी सर्वात वाईट त्या, ज्यांत मालकानं उत्साहानं आधी 'साफसफाई' करून घेतली होती.

साफसफाई म्हणजे काय होतं ते सांगतो. आतल्या भिंतींचा जुना गिलावा उखडून वीट उघडी करतात, कारण आजकालच्या कॅफेत तशी वीट छान दिसते. पार्क सर्व्हिसला ते अजिबात चालत नाही: त्या खोलीत गिलावा होता, ती गिलाव्याचीच राहिली पाहिजे. बाहेरची वीट वाळूच्या फवाऱ्यानं घासतात. विटेची भाजलेली वरची कातडी निघून जाते आणि ती पाणी प्यायला लागते. वरच्या मजल्यावरची मधली बोळकांडी काढून मोठा हॉल करतात. दुकानाच्या समोरच्या भागात १९६०च्या आसपास ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, त्यामागे दरवाजावरची जुनी काचेची पट्टी शाबूत असते, आणि कंत्राटदार दोन्ही एका दिवसात कचरापेटीत टाकतो.

इमारत पाहायला जाल तेव्हा खिशात एक खिळा ठेवा. मागच्या भिंतीशी जा, जिथं रंग नाही आणि कुणी दिखाऊ दुरुस्ती केलेली नाही, आणि विटांमधली दरज खरवडून पाहा. पांढरट, भुसभुशीत पूड पडली तर तो मूळचा चुना आहे, चांगलं आहे. खिळा घसरला, करडा टणक थर लागला, तर कुणीतरी मध्ये सिमेंटनं दरजा भरल्या आहेत. इकडच्या जुन्या विटा कमी भाजलेल्या, मऊ असतात. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या दरजेतून बाहेर पडायची. सिमेंटनं ती वाट बंद केली की ओल विटेतून वाट काढते आणि हिवाळ्यातल्या थोड्याशा गोठण्यानंसुद्धा विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. खाली जमिनीवर लाल चुरा पडलेला दिसेल. ते दुरुस्त होतं, पण चुन्यात काम करणारा गवंडी बर्मिंगहॅम किंवा त्याहून लांबून आणावा लागतो आणि त्याचा दिवस महाग असतो.

मग छप्पर. मेन स्ट्रीटवरच्या अशा इमारतींचं छप्पर पुढून मागे उतरतं आणि सगळं पाणी मागच्या पन्हळीत येतं. समोरून इमारत ठणठणीत दिसते आणि मागचा कोपरा वरपासून खालपर्यंत कुजलेला असतो. वर चढून पाहा किंवा ड्रोन उडवा. शेजारच्या इमारतीचं छप्परही पाहा, कारण बहुतेक वेळा मधली भिंत दोघांची मिळून एकच असते. शेजाऱ्याचं छप्पर पडलेलं असेल आणि त्याचा मालक शिकागोत किंवा डेट्रॉइटमध्ये असेल, तर त्याच्याकडून येणारं पाणी तुमच्या भिंतीत मुरत राहणार आणि तुमच्या हातात काही नसणार. मी स्वतः या एका कारणासाठी एक चांगली इमारत सोडून देण्याचा सल्ला दिलेला आहे.

लाकूड मात्र बघून तुम्ही खूश व्हाल. जमिनीच्या तुळया आणि फळ्या बहुधा लाँगलीफ पाइनच्या, जुन्या जंगलातल्या, गाभ्याच्या लाकडाच्या. वर्तुळं इतकी दाट की मोजायला भिंग लागावं. वाळवी त्याला लवकर लागत नाही. ती जंगलं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला तोडून संपली. ते लाकूड आज नव्यानं मिळत नाही. म्हणून खिडक्यांच्या जुन्या झडपा काढून प्लॅस्टिकच्या बसवण्याची घाई करू नका. जुन्या झडपेचा खालचा आडवा सांधा कुजलेला असतो, बाकीची चौकट दणकट असते. तो एक तुकडा बदलायचा, तावदानाची लांबी (पुट्टी) नवी भरायची, झडप वरखाली सरकवणाऱ्या दोऱ्या आणि वजनं पुन्हा चालू करायची. १९७८च्या आधीचा रंग शिशाचा असू शकतो, तेव्हा घासायच्या आधी तपासणी करून घ्या, घरात लहान मूल असेल तर विशेष.

आता तिसरा प्रश्न.

हेल काउंटी १८६७ मध्ये आजूबाजूच्या काउंट्यांचे तुकडे जोडून तयार झाली, यादवी युद्ध संपल्यावर लगेच, आणि नाव दिलं गेलं स्टीफन हेल या कॉन्फेडरेट, म्हणजे त्या युद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढलेल्या, अधिकाऱ्याचं. घरं त्याआधीची. दक्षिण भागात काळी, चिकट माती आहे. कापसाला उत्तम, इमारतीच्या पायाला वाईट, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या मातीवरूनच अलाबामाच्या या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट नाव पडलं असं मानतात. १८३० ते १८६० या काळात व्हर्जिनिया आणि कॅरोलिनातून जमीनदार आले, सोबत गुलाम केलेली माणसं आणली, वेताची रानं तोडून कापूस लावला. मिळालेला पैसा खांबांच्या घरांत गेला. युद्धानंतर तो पैसा आटला आणि पुन्हा आला नाही. म्हणून ती घरं पाडून नवी बांधायची ऐपत कुणाची राहिली नाही. संपत्तीनं उभं केलं आणि गरिबीनं टिकवलं, असं या घरांच्या बाबतीत अक्षरशः घडलंय. २०२० मध्ये सगळ्या काउंटीची लोकसंख्या १४,८००च्या आसपास होती आणि ग्रीन्सबरोची २,२००च्या. इथं पाडापाडीचा धंदा करणारा बिल्डर येत नाही. इमारती पडतात त्या वापराविना.

यादी मोठ्या घरांकडे कलली याला कारणं आहेत, आणि ती शोधता येतात. १९३३ मध्ये मंदीतल्या बेकार वास्तुरचनाकारांना काम द्यायला 'हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे' सुरू झाला. अलाबामात ऑबर्नचे प्राध्यापक वॉल्टर बर्कहार्ट यांनी तो चालवला आणि ॲलेक्स बुश यांनी फोटो काढले. काम अप्रतिम आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते फुकट पाहता येतं, तुमच्या रस्त्याचे फोटो जरूर शोधा. पण सर्वेक्षणाचा रोख होता खांबांच्या घरांवर. त्याच सुमाराला, १९३६च्या उन्हाळ्यात, वॉकर इव्हान्स हा छायाचित्रकार याच हेल काउंटीत खंडकऱ्यांच्या लाकडी झोपड्यांचे फोटो काढत होता. ते फोटो जगभर पोचले. त्या झोपड्या मात्र मोजमापांच्या यादीत आल्या नाहीत. पुढे १९७०च्या दशकात नॅशनल रजिस्टरचे अर्ज लिहायला बसलेल्या माणसांसमोर जे तयार कागद होते ते बर्कहार्टचे होते. ज्याचा नकाशा आहे त्याचा अर्ज सोपा. १९९४ मध्ये इथल्या केनब्रेक, म्हणजे वेताच्या रानांच्या, भागातली मळ्यांची घरं एकत्र अर्जानं नोंदली गेली, त्यात गॅलियनजवळचं गॉथिक धाटणीचं वॉल्डविक आहे. त्या अर्जाच्या शीर्षकात घरांबरोबर 'त्यांच्याशी निगडित बाहेरच्या इमारती' असं स्पष्ट लिहिलं आहे. ही वाक्याची शेपटी महत्त्वाची. स्वयंपाकघर, धूरघर, गुलामांच्या खोल्या यांना अर्जात जागा मिळायला तोवर वेळ लागला होता.

दुसरं कारण नियमातच आहे. वास्तू नोंदायची तर ती चारपैकी एका निकषावर महत्त्वाची हवी: घटना, व्यक्ती, रचना, किंवा जमिनीखाली दडलेली माहिती. शिवाय तिचं मूळ रूप टिकलेलं हवं. जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, भाव आणि संबंध असे सात पैलू तपासतात. श्रीमंताचं घर या सात पैलूंवर सहज उतरतं. गरीब कुटुंबानं मात्र छपराच्या लाकडी फळ्या कुजल्या तेव्हा पत्रा टाकला, भिंती गळायला लागल्या तेव्हा डांबरी कागद ठोकला, मुलं वाढली तेव्हा मागे खोली काढली, आणि १९८०च्या सुमाराला कुणी विक्रेता आला तेव्हा सगळ्यावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवल्या. त्या प्रत्येक बदलासाठी समितीत गुण वजा होतात. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि मी ते बैठकांतही बोलतो. ज्या घराचा इतिहासच गरजेपोटी बदलत राहण्याचा आहे, त्याच्याकडे न बदलल्याचा पुरावा मागणं चुकीचं आहे. सुदैवानं पार्क सर्व्हिसमध्येही आता हे म्हणणं ऐकलं जातं, विशेषतः नागरी हक्क चळवळीशी संबंधित जागांबाबत.

ग्रीन्सबरोतच दोन घरं एका दिवसात पाहून या. पहिलं मॅग्नोलिया ग्रोव्ह, १८४०च्या सुमाराचं, आयझॅक क्रूम यानं बांधलेलं, पुढे स्पॅनिश-अमेरिकन युद्धात गाजलेल्या रिचमंड हॉबसनचं जन्मस्थान. ते राज्याच्या मालकीचं आहे. दुसरं तिथून जवळच, डेपो वस्तीतलं शॉटगन घर: एकापाठोपाठ एक खोल्या, रुंदी एका खोलीची. २१ मार्च १९६८ रोजी ग्रीन्सबरोत भाषण करून निघालेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांपासून वाचवायला तिथं लपवलं गेलं. दोन आठवड्यांनी मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली. टेरेसा बरोज यांनी ते घर जपलं आणि त्याचं 'सेफ हाउस' संग्रहालय केलं. पहिल्या घरामागे राज्य सरकार उभं होतं. दुसऱ्यामागे बराच काळ एक बाई आणि तिची वस्ती.

मग प्रेअरीव्हिलला जा. रस्त्याकडेला सेंट अँड्र्यूज हे छोटं एपिस्कोपल चर्च आहे, १८५३-५४ मध्ये बांधलेलं आणि १९७३ पासून नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क, म्हणजे रजिस्टरच्याही वरच्या दर्जाचं. दगडी गॉथिक चर्चचं रूप लाकडात उतरवलंय: उभ्या फळ्या, सांध्यांवर पट्ट्या, आणि भिंतींना बाहेरून लाकडाचेच आधारखांब. आत गेलात तर भिंतींचा रंग पाहा. तपकिरी, उबदार, पण वॉर्निशची चकाकी नाही. तंबाखूचे देठ उकळून त्या पाण्यानं लाकूड रंगवलंय. हे काम ज्या गुलाम सुतारांच्या हाताखाली झालं, त्यांची नावं नोंदलेली आहेत: पीटर ली आणि जो ग्लासगो. अमेरिकेच्या दक्षिणेत हजारो इमारती अशा हातांनी बांधल्या गेल्या, आणि नावं टिकली ती अगदी थोड्यांची. या चर्चला लोक 'त्या अमुक जमीनदाराचं चर्च' म्हणतात तेव्हा मी दरवेळी ही दोन नावं सांगतो.

रोझेनवाल्ड शाळाही बघा. सिअर्स कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड आणि टस्कीगी शिक्षणसंस्थेचे बुकर वॉशिंग्टन यांनी मिळून दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधायची योजना काढली. १९३२ पर्यंत १५ राज्यांत ५,३०० हून जास्त इमारती झाल्या. रोझेनवाल्ड यांचा फंड काही रक्कम द्यायचा, बाकीची वस्तीनं उभी करायची, पैशानं किंवा अंगमेहनतीनं. हेलमध्ये सीडरव्हिलजवळची १९१५ची एमरी शाळा आणि प्रेअरीव्हिलची १९२५ची ओक ग्रोव्ह शाळा १९९८ मध्ये नोंदल्या गेल्या. अशा शाळांच्या मोठ्या खिडक्या एका बाजूला ओळीनं लावलेल्या असतात, कारण वीज नव्हती आणि उजेड मुलांच्या वहीवर डावीकडून पडायला हवा, म्हणजे लिहित्या हाताची सावली येणार नाही. इतका विचार त्या साध्या लाकडी इमारतीत आहे.

काउंटीच्या उत्तर टोकाला माउंडव्हिल आहे आणि ते वर सांगितलेल्या सगळ्यापेक्षा जुनं आहे. साधारण १००० ते १४५० या काळात ब्लॅक वॉरियर नदीकाठी मिसिसिपियन या मूलनिवासी लोकांचं मोठं नगर होतं. मातीचे सपाट माथ्याचे उंचवटे अजून उभे आहेत. ती जागा युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामाच्या ताब्यात असल्यानं सुरक्षित राहिली. पण सुरक्षित कुणासाठी, हा प्रश्न तिथंही निघाला. तिथून खणून काढलेले ५,८०० हून जास्त लोकांचे अवशेष मस्कोगी भाषाकुलातल्या जमातींच्या पूर्वजांचे आहेत, असा निर्णय केंद्रीय समितीनं २०२१ मध्ये दिला.

मोडत चाललेल्या साध्या घरांमागे नोंदीच्या नियमांहून मोठं कारण बहुतेक वेळा मालकीचं असतं. इथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा वकील आणि कोर्ट यांच्यावर विश्वास नव्हता, त्याला सबळ कारणं होती. मृत्युपत्र केलंच नाही. पणजोबांच्या नावावरची जमीन आणि घर आज चाळीस वारसांचं अविभक्त, त्यातले निम्मे उत्तरेकडच्या शहरांत. ज्यांच्या गावच्या सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची नावं चढलेली आहेत त्यांना हे लगेच समजेल. अशा घराला बँक कर्ज देत नाही, अनुदान मिळत नाही, आणि एखाद्या परक्यानं एका वारसाचा हिस्सा विकत घेतला की तो कोर्टात जाऊन अख्खी मिळकत लिलावात काढू शकत असे. अलाबामानं २०१४ मध्ये कायदा बदलला. आता आधी किंमत ठरवावी लागते आणि विक्री मागणाऱ्याचा हिस्सा विकत घ्यायची संधी बाकीच्या वारसांना द्यावी लागते. मार्च २०२१ मध्ये काउंटीतल्या सॉयरव्हिलला टोर्नेडोनं तडाखा दिला तेव्हा अनेकांसारखा माझाही जीव याच काळजीनं खालीवर झाला, कारण कागद नसलेल्या घराला केंद्राची आपत्ती मदत तेव्हा नाकारली जायची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती मदत देणाऱ्या खात्यानं मालकीच्या पुराव्याचे नियम सैल केले. जुन्या घरांसाठी या एका नियमाचा उपयोग कित्येक फलकांपेक्षा जास्त झाला असं माझं मत आहे.

याच काउंटीत न्यूबर्नला ऑबर्न विद्यापीठाचा 'रूरल स्टुडिओ' आहे, १९९३ मध्ये सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी सुरू केलेला. वास्तुकलेचे विद्यार्थी तिथं राहून खरी घरं, अग्निशमन केंद्र, नगर सभागृह बांधतात. न्यूबर्नमधल्या बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत त्यांनी गावाचं वाचनालय केलं. काम कसं असावं ते पाहायचं असेल तर तिथं जा. जुनी वीट आणि नवं लाकूड वेगवेगळं ओळखू येतं, आणि दुपारी मुलं आत बसलेली असतात.

तुमच्या इमारतीकडे परत येऊ. मागची भिंत चुन्याची असेल, मधल्या भिंतीचा शेजारी छप्पर राखणारा असेल, वारसांची सगळी नावं विक्रीपत्रावर येत असतील आणि टायटल इन्शुरन्स (मालकीहक्काचा विमा) देणारी कंपनी खळखळ करत नसेल, तर घ्या. यातली एक गोष्ट जरी अडली तरी सौदा थांबवा आणि ती सुटेपर्यंत इसारा देऊ नका. खरेदीआधी अलाबामा हिस्टॉरिकल कमिशनला इमारतीचे फोटो पाठवून ती अजून भर घालणारी धरतील का एवढं विचारा; त्यांचे लोक उत्तर देतात आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आणि अर्जाचा पहिला भाग स्वतः लिहा, निदान कच्चा मसुदा तरी. १९७०च्या दशकातले अर्ज पाहिलेत तर दिसेल: बहुतेक खांब, कमानी आणि मालकांची नावं, दोन-तीन पानांत संपलेले. तुमच्या दुकानात १९६५ मध्ये कोण खरेदी करू शकत होतं आणि कुणाला मागच्या दारानं यावं लागायचं, वर कोण राहायचं, विटा कुणी रचल्या, हे सांगणारी माणसं ग्रीन्सबरोत आज हयात आहेत, बहुतेक ऐंशीच्या पुढची. रविवारी चर्च सुटल्यावर भेटतात, आणि त्यांना आधी कुणी विचारलेलं नसतं. जुन्या नोंदीला पुरवणी माहिती जोडायची सोय पार्क सर्व्हिसमध्ये आहे. मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी वाचून देईन.